भीमगडच्या रानात पायी फिरताना

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात पायी फिरायचे असेल, तर पहिले काम वनखात्याची परवानगी घेण्याचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्याविना शिरता येत नाही, आणि परवानगी मागतानाच कोणत्या वाटा खुल्या आहेत, हेही कळते. वाटाड्या रानालगतच्या गावातलाच घ्यावा. पावसाळ्यात जळवा आणि फुगलेले ओढे अडवतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

या रानात सर्वाधिक जपायचे ते अस्वलाला. बिबट्या माणसाची चाहूल लागताच सहसा बाजूला होतो. अस्वल मात्र वाळवी उकरण्यात गुंतले, की त्याला आपण आल्याचे कळत नाही, आणि अगदी जवळ पोहोचल्यावर दचकून ते अंगावर येते. म्हणून ताजे उकरलेले वारूळ किंवा फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर पुढच्या वळणापूर्वी थांबून मोठ्याने बोलावे. पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेनंतर चालूच नये. गव्यांचा कळप आडवा आला, तर पाठ न फिरवता सावकाश मागे सरावे.

झाडे ओळखण्याची सुरुवात सालीपासून करावी, कारण उंच झाडांची पाने नजरेच्या फार वर राहतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते, तर नाणा या झाडाचे खोड फिकट, गुळगुळीत आणि पापुद्रे सोडणारे. पिकलेल्या फळांनी लगडलेला उंबर किंवा वड भेटला, तर चालणे थांबवून थोड्या अंतरावर अर्धा तास निश्चल बसावे. धनेश आणि हरियाल हे पक्षी आणि शेकरू ही मोठी खार तिथेच येतात, आणि माझ्या मते दहा किलोमीटरच्या पायपिटीपेक्षा हा अर्धा तास अधिक दाखवतो. विणीच्या दिवसांत धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि तिचे अन्न सर्वस्वी नरावर अवलंबून असते. अशा ढोलीखाली माणसे रेंगाळली, तर चारा घेऊन आलेला नर परत फिरतो. तिथून लगेच निघावे.

याच अभयारण्यातल्या बारापेडेच्या गुहांत मात्र वाटाड्या तयार असला तरी शिरू नये. रॉटनचे वटवाघूळ या दुर्मिळ जातीची शास्त्रीय नोंद १९१३ मध्ये इथल्याच नमुन्यांवरून झाली आणि पुढे कित्येक दशके या जातीचे दुसरे ठिकाण ठाऊक नव्हते. विजेरीच्या झोताने आणि बोलण्याने ही वटवाघळे विचलित होतात.