दाशी साठवताना या चुका टाळा

मिसो सूप असो वा उदोन, जपानी स्वयंपाकाचा पाया दाशीवर, म्हणजे पातळ, नितळ अर्कावर उभा असतो. कोंबू हे वाळवलेले समुद्रशैवाल आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन सुकवलेल्या कात्सुओ माशाचे कागदासारखे पातळ काप, बहुधा एवढ्यांतूनच ती उतरते. हे कोरडे जिन्नस महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून त्यांचा अर्कही टिकेल असा समज होतो. परंतु या पाण्यात ना पुरेसे मीठ असते ना आंबटपणा, आणि अमिनो आम्ले मात्र विपुल असतात, त्यामुळे जिवाणूंना ते फार मानवते.

सर्वांत घातक चूक म्हणजे पातेले रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी उकळी काढणे. चिंच-गुळाच्या आमटीला दुसऱ्या दिवशी उकळी देण्याची आपली सवय मीही जपानमध्ये जून महिन्यातल्या पावसाळी दमटपणात दाशीला लावली होती. सकाळी पातेल्याच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ दिसली आणि डाव वर उचलताच पाण्याला तार सुटली. ती दाशी मी ओतून दिली. उकळीने जिवाणू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कणखर सुप्त रूपे, तगून राहतात आणि त्यांतून उगवलेले जिवाणू पातेले सावकाश निवताना, विशेषतः ४३ ते ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास, झपाट्याने वाढतात. शिवाय कात्सुओमधील हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून काही जिवाणू हिस्टामीन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य तयार करतात. ते उकळूनही नष्ट होत नाही आणि वासावरून ओळखूही येत नाही.

म्हणून दाशी गाळताच परातीत बर्फाचे पाणी घेऊन त्यात पातेले ठेवावे, अधूनमधून ढवळावे आणि दोन तासांच्या आत झाकणाच्या स्वच्छ बरणीतून फ्रीजमध्ये ठेवावे. तेथे ती दोन, फार तर तीन दिवस चांगली राहते. बरणीवर तारीख लिहिण्याचा कंटाळा करू नये, कारण वास बिघडेपर्यंत वाट पाहणे ही दुसरी मोठी चूक आहे.

गढूळपणा मात्र विचारपूर्वक पाहावा. निबोशीची, म्हणजे वाळवलेल्या लहान माशांची दाशी मुळातच किंचित धूसर असते, कोंबू जास्त उकळला तरी पाणी गढूळ व बुळबुळीत होते, आणि तळाला बसलेली बारीक भुकटी ही कापांचीच असते. काल नितळ सोनेरी असलेली दाशी आज पांढुरकी दिसली, आंबूस वास आला, फेस धरला किंवा तार सुटली, तर ती चाखूनही पाहू नये.

अधिक दिवसांसाठी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भराव्यात आणि तीन आठवड्यांत वापराव्यात. नंतर ती खराब होते असे नाही, पण कात्सुओबुशीचा सुगंध उडून जातो. काचेची बरणी काठोकाठ भरून गोठवल्यास तडकते. त्याच जिनसांतून पुन्हा दाशी काढण्यासाठी बाजूला ठेवलेला ओला कोंबू आणि कापही तितकेच नाशवंत असतात, तेव्हा ते त्याच दिवशी वापरावेत किंवा लगेच गोठवावेत.