कॅनसॅट बनवताय? मग या चुका टाळा

कोल्ड्रिंकच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये मावेल असा उपग्रहाचा नमुना म्हणजे कॅनसॅट. तो अवकाशात जात नाही, ड्रोन किंवा छोट्या रॉकेटने वर नेऊन सोडतात आणि पॅराशूटवर खाली येता येता तो हवेचा दाब, तापमान वगैरे डेटा पाठवत राहतो.

आमचा टेबलावर दोन-दोन तास मस्त चालायचा, आणि इथेच आम्ही फसलो, कारण तो लॅपटॉपच्या यूएसबीवर चालत होता. बॅटरीवर टाकला की रेडिओने डेटाचं पॅकेट पाठवलं रे पाठवलं की बोर्ड रीसेट! तीन दिवस कोडमध्ये बग शोधत बसलो, पण कोड बरोबर होता. आम्ही ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावलेली, तिचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे रेडिओने एकदम करंट खेचला की व्होल्टेज बसतं आणि कंट्रोलर बंद होऊन परत सुरू होतो. तुमच्याकडे असं होतंय का ते कळायला प्रत्येक पॅकेटला नंबर द्या, नंबर मधेच परत १ वर आला तर रीसेट होतोय हे नक्की. मग लिथियम सेल, व्होल्टेज स्थिर ठेवणारा चांगला रेग्युलेटर आणि रेडिओच्या पॉवर पिनांना चिकटूनच एक १००-२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. आणि हो, काही बोर्डांवर कोड सिरियल मॉनिटर (लॅपटॉपवर बोर्डाचे मेसेज दाखवणारी विंडो) उघडायची वाट बघत थांबतो, ती ओळ आधी काढून टाका, नाहीतर लॅपटॉपशिवाय तो सुरूच होणार नाही.

उंचीचा घोळ पण बऱ्याच जणांचा होतो. दाबावरून उंची काढताना सेन्सरच्या तयार कोडमध्ये (लायब्ररीत) समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरलेला असतो, त्यामुळे पुण्यात कॅनसॅट जमिनीवर असतानाच साडेपाचशे मीटरच्या आसपास दाखवतो. सोडायच्या आधी जमिनीवरचा दाब मोजून तिथली उंची शून्य धरा. सेन्सरला हवा लागायला कॅनला भोकं ठेवा, पण सेन्सरवर थेट ऊन पडू देऊ नका.

ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचायचा बोर्ड) उडवू नका, प्लीज. वायरी धक्क्याने निघतात. परफबोर्डवर, म्हणजे भोकांच्या बोर्डवर, सोल्डर करा.

वजनाचा हिशोब पहिल्या दिवसापासून एक्सेलमध्ये ठेवा. युरोपातल्या शाळांच्या स्पर्धेत ३०० ते ३५० ग्रॅमची मर्यादा असते, तिथे वायरी, स्क्रू, गोंद सगळं मोजावं लागतं. वजन बदललं की पॅराशूटही परत मोजा, कारण वेग निम्मा करायचा तर कापडाचं क्षेत्रफळ चौपट लागतं.

सेन्सर कोंबायचा मोह आवरा. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हा खरा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने गेला, वजन जेमतेम एक किलो, आणि दिशा स्थिर ठेवायला त्यात चुंबक वापरलेलं, म्हणजे त्या कामाला वीजच नको! मला ते डिझाइन म्हणूनच फार आवडतं.

रेंज टेस्ट कॅन पूर्ण बंद करून, मैदानात लांब जाऊन करा. धातूचं किंवा कार्बन फायबरचं कवच सिग्नल अडवतं, अँटेना बाहेर काढा. अँटेना न लावता रेडिओ चालू करू नका, जळू शकतो.

मेमरी कार्डवर दर काही ओळींनी डेटा खरंच लिहिला जातोय का बघा, फाइल उघडी राहून आपटल्यावर बॅटरी सुटली तर शेवटचा भाग जातो. बॅटरी झिप टायने आवळा आणि एक बझर नक्की लावा, उसाच्या शेतात पडला तर आवाजावरच शोधावा लागतो.