जिराईत रानात झाडं लावायची तर बांधावर, आणि हिशेबानं

आमच्या मोहोळ तालुक्यात बागाईतदार कालव्याकडं बघतात आणि आम्ही जिराईतवाले ढगाकडं. परतीचा पाऊस लागला तर मालदांडी ज्वारी, नाहीतर कडबासुद्धा विकत. अशा रानात झाडं लावून हवामान बदलाला आळा बसतो म्हटलं की पारावर हशा पिकतो. पण बसतो, थोडा का होईना. कोणतं झाड आणि कुठं, एवढं नीट बघावं लागतं.

आधी हिशेब. वाळलेल्या लाकडात वजनाच्या साधारण निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा झाडानं हवेतून ओढलेला. बाभळीत 100 किलो वाळलं लाकूड धरलं तर कार्बन 50 किलो, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड सुमारे 183 किलो. ट्रॅक्टरनं 68 लिटर डिझेल जाळलं की जवळपास तेवढाच वायू बाहेर पडतो. मुळ्या आणि मातीत मुरलेला पाला यात धरलेलाच नाही. जूनमध्ये फोटो काढून लावलेलं आणि मार्चमध्ये वाळलेलं रोप मात्र या हिशेबात शून्य. म्हणून मी रोपं मोजत नाही. गुढीपाडव्याला शिवणकामाची टेप घेऊन छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजते आणि वहीत लिहिते.

पीक मोडून झाडं लावायची गरज नाही. बांध आणि ताली, म्हणजे पाणी-माती अडवायला उताराला आडवे घातलेले बांध, पुरेत, झाडामागं पंधरा-वीस फुटांचं अंतर ठेवून. रब्बीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, त्यामुळं सावली उत्तरेला पडते. तेव्हा ज्या बांधाच्या उत्तरेला पाणंद, ओढा किंवा आपलीच मुरमाड पड आहे तो आधी निवडा. सामाईक बांध सोडा. भावकीत फुटभर बांधावरून कोर्टकचेऱ्या होतात, त्यात बाभळीची भर नको.

गवताळ माळही सोडा. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्याच जिल्ह्यातलं. तो पक्षी, लांडगे, काळवीट उघड्या माळावर जगतात, आणि गवताच्या मुळ्याही जमिनीत कार्बन साठवतात. मोकळा माळ दिसला की खड्डे घ्यायचे, ही खोड मला पटत नाही.

झाडं इथलीच घ्या. भारी काळ्या रानाच्या बांधाला रामकाठी बाभूळ: सरळ वाढते, फांद्या अंगाबरोबर, सावली कमी. शेंगेतलं बी तसंच टाकलं तर लवकर रुजत नाही. शेळ्या शेंगा खातात आणि रात्री रवंथ करताना बी बाहेर टाकतात. सकाळी वाड्यातून ते गोळा करा, रात्रभर भिजवा आणि जागेवरच टोकणा. हलक्या रानाला हिवर, कडुलिंब, सीताफळ. बोराचंही गावठी बी जागेवरच लावा आणि पुढच्या वर्षी त्यावर उमराण जातीच्या बोराचा डोळा भरून (कलम करून) घ्या. पिशवीतल्या रोपाची मुळी वेटोळी होते, जागेवरच्या बियाची सरळ खाली ओल शोधत जाते. बोर उन्हाळ्यात पानं झाडून गप्प बसतं, त्यामुळं मे महिन्यात पाणी मागत नाही. वेडी बाभूळ मात्र फुकट मिळाली तरी नको. एकदा शिरली की निघत नाही.

रोपंच लावायची असतील तर एप्रिलमध्ये दीड फुटी खड्डे घेऊन तापू द्या. शेणखत आणि वरची माती घालून भरा आणि पहिल्या पावसावर नाही, जमीन चांगली ओली झाल्यावर लावा. पहिले दोन उन्हाळे सांभाळायचे. बुडाला भोक पाडून चिंधीची वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरा, आठवड्यानं भरा आणि वर पाचटाचं आच्छादन करा. भोवती बोराटीच्या काट्या हव्यातच. बाभळीचं बी शेळी देते आणि कोवळं रोपही तीच खाते.

तालीवर मधे मधे गिरिपुष्प लावा. अंगठ्याएवढ्या जाडीची, तीन-चार फुटी काडी पावसात खोवली की फुटते. पाला कापून रानात मिसळला की नत्र मिळतं आणि युरिया कमी लागतो. युरिया तयार करताना इंधन जळतं, शिवाय रानात टाकल्यावर त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट ऊब धरतो. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रानं रब्बी ज्वारीला सुबाभळीचा, म्हणजे अशाच नत्र देणाऱ्या झाडाचा, पाला देऊन दीर्घकाळ प्रयोग केले. खत न दिलेल्या तुकड्यापेक्षा तिथल्या मातीत सेंद्रिय कार्बन जास्त राहिला.

तोटाही सांगते. झाडालगतच्या दोन-तीन तासांची, म्हणजे ओळींची, ज्वारी बारीक राहते. उन्हाळ्यात बुंध्यापासून तीन फुटांवर खोल नांगराचं एक तास मारा, आडव्या मुळ्या तुटतात. आमच्या आत्याबाई पेरणीआधी खालच्या फांद्या माणसाच्या उंचीपर्यंत उतरवतात. पाखरं फांदीवर बसून कणसावर उतरतात, तेव्हा हुरड्याच्या दिवसांत राखण करावीच लागते.

उतरवलेल्या फांद्या बांधावर पेटवू नका. काटे कुंपणाला, पाला शेळ्यांना, काटक्या चुलीला. चुलीतही कार्बन परत जातोच, पण तो याच झाडानं हवेतून घेतलेला असतो. शिवाय गॅस तेवढा वाचतो. बुंध्याचं लाकूड औताला किंवा चौकटीला लावलं तर कार्बन कितीतरी वर्षं अडकून राहतो. अख्खं झाड तोडायचं झालं तर 1964 चा वृक्षतोड कायदा आहे. काही जातींना परवानगी लागते, त्यामुळं कुऱ्हाड लावण्याआधी तलाठ्याकडं चौकशी करा.