सोलापुरी चादरीचा कॅटलॉग: टांगण्यापासून छापण्यापर्यंत

चादरीच्या कॅटलॉगची तक्रार येते ती बहुतेक वेळा रंगाची. फोटोत डाळिंबी दिसलेली चादर गठ्ठा सोडल्यावर राणी रंगाची निघते आणि व्यापारी माल परत पाठवतो. फोटो किती देखणा होता, हे तेव्हा कुणी विचारत नाही. फोटोग्राफर आणि डिझायनर एकाच जागेत काम करत असतील, तर आधी रंगाचं ठरवून घ्यावं. दोघांसाठी एकच ग्रे कार्ड (उजेड आणि रंग जुळवायचं राखाडी कार्ड) आणि एकच कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग बरोबर दाखवेल असा जुळवलेला मॉनिटर ठेवा. शिवाय प्रत्येक रंगाच्या चादरीचा खरा तुकडा छपाई होईपर्यंत टेबलावरून हलवायचा नाही.

आधी पान, मग कॅमेरा

चादरीचं एक नेहमीचं माप ६० बाय ९० इंच, म्हणजे २:३. बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांची फ्रेमही २:३ असते. चादर उभी टांगून कॅमेरा उभा लावला की ती चारी काठांसकट फ्रेममध्ये बसते. ए-४ पान मात्र थोडं रुंद असतं. पानावर चादर २५५ मिमी उंच ठेवली तर रुंदी १७० मिमी होते आणि ४० मिमी मोकळे राहतात. चादर एका कडेला सरकवून त्या जागेत डिझाइन नंबर, माप आणि रंग उभ्या पट्टीत लावता येतात. हे शूटच्या आधी ठरलं असेल तर कडेला किती जागा सोडायची हे फोटोग्राफरला कळतं, आणि काठ कापला गेला म्हणून चादर पुन्हा टांगायची वेळ येत नाही.

प्रत्येक डिझाइनचे चार फोटो पुरतात: पूर्ण पुढची बाजू, पूर्ण मागची बाजू, एक दुमडलेला कोपरा आणि धाग्याचा जवळून घेतलेला फोटो. मागची बाजू वगळू नका. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेल्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंना उठते, फक्त रंगांची अदलाबदल होते: पुढे पांढऱ्यावर लाल मोर, मागे लालवर पांढरा. नुसत्या छापील चादरीची मागची बाजू फिकी पडते. त्यामुळे दुमडलेल्या कोपऱ्याचा एक फोटो विणकामाची ओळख पटवायला पुरेसा होतो.

टांगणं

अर्धा वेळ इथेच जातो आणि तो जाऊ द्यावा. गठ्ठ्यातून काढलेल्या चादरीच्या घड्या नुसत्या इस्त्रीने नीट जात नाहीत. आदल्या संध्याकाळी वाफेची इस्त्री फिरवून चादर रात्रभर टांगून ठेवा. नुसते चिमटे लावले तर चादरीच्या वजनाने वरचा काठ दोन चिमट्यांच्या मध्ये झोळीसारखा लोंबतो आणि फोटोत काठाच्या लाटा दिसतात. साडेपाच फुटी दोन लाकडी पट्ट्या घ्या, काठ त्यांच्यात दाबा, दर सहा इंचांवर क्लॅम्प लावा आणि ही जोडपट्टी दोन स्टँडवर चढवा. खालच्या काठालाही तशीच हलकी पट्टी लावली की चादर ताठ राहते. छताची उंची निदान ९ फूट हवी. तेवढी नसेल तर चादर आडवी टांगा आणि कॅमेराही आडवा लावा.

सुटे धागे कात्रीने कापा. ओढले तर वीण सरकते. तंतू आणि धूळ काढायला पॅकिंगची चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून फिरवली तरी काम होतं.

अंतर, समांतरता आणि मोआरे

फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने पूर्ण चादर घ्यायला साधारण साडेतीन मीटर अंतर लागतं. तीच लेन्स एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर असेल तर सव्वापाच मीटर. छोट्या खोलीत एपीएस-सीवर ३५ मिमी वापरा, पावणेचार मीटरमध्ये भागतं. मोबाइलची वाइड लेन्स टाळा, तिच्यात सरळ काठ बाहेर फुगतात.

कॅमेरा चादरीला समांतर आहे का हे बघायचा स्वस्त उपाय म्हणजे छोटा आरसा. तो चादरीच्या मधोमध सपाट टेकवा आणि कॅमेऱ्यातून पाहा. आरशात स्वतःच्या लेन्सचं तोंड बरोबर मध्यभागी दिसलं की झालं. नाही तर चौकोनी चादर वर निमुळती होते आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये ताणताना नक्षीही ताणली जाते.

आता मोआरे, म्हणजे कापडावर नसलेल्या त्या इंद्रधनुषी लाटा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात पूर्ण चादर घेतली की एका इंचाला जेमतेम ६० पिक्सेल मिळतात. इंचातल्या धाग्यांची संख्या त्याच्या आसपास गेली की धाग्यांची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर चढतात आणि लाटा उमटतात. अर्धा फूट पुढे-मागे सरकून पाहा, नाही तर अ‍ॅपर्चर एफ/८ वरून एफ/१६ करा, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करा. त्याने चित्र किंचित मऊ होतं, पण लाटा बऱ्याच कमी होतात. त्याआधी फोटो १०० टक्के मोठा करून पाहा. लहान प्रिव्ह्यूमध्ये दिसणाऱ्या लाटा कित्येकदा स्क्रीनच्या असतात, फाइलमध्ये नसतातच. धागा दाखवायचं काम जवळच्या फोटोवर सोडा. तिथे आठ इंचांची रुंदी सगळी फ्रेम भरते, म्हणजे इंचाला ७५० पिक्सेल.

उजेड

रंग दाखवायला दोन दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, सारख्याच अंतरावर. चारही कोपऱ्यांत आणि मध्ये ग्रे कार्ड धरून मोजा. फरक एक तृतीयांश स्टॉपच्या आत हवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). वीण दाखवायची असेल तर एकच दिवा एका बाजूने, चादरीच्या पातळीला १५ ते २० अंशांत तिरपा. धाग्याची सावली पडते आणि नक्षी उठून येते. इथली नेहमीची चूक म्हणजे दिवा फार जवळ ठेवणं. जवळचा काठ ५ फुटांवर आणि लांबचा १० फुटांवर असेल तर दोन स्टॉपचा फरक पडतो. दिवा १० फुटांवर नेला तर तो सव्वा स्टॉपच्या आसपास येतो, आणि उरलेलं काम समोरच्या बाजूला उभा केलेला पांढरा सनबोर्ड करतो.

ट्यूबलाइट, पंख्याजवळचा बल्ब, खिडकी सगळं बंद. दोन प्रकारच्या उजेडांत एकच लाल दोन लाल दिसतो. एलईडी वापरायचे असतील तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचे घ्या आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगळ्या शटरवर फोटोत पट्टे येऊ शकतात.

खिडकीच्या उजेडावर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, हे युरोपात ठीक. सोलापूर १७.७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा माथ्याच्या उत्तरेला असतो, आणि मार्चअखेर ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येऊ शकतं. त्या दिवसांत खिडकीला कोरं मांजरपाट लावा. रंगीत पडदा चालणार नाही, त्याचा रंग चादरीवर चढतो.

लाल, राणी आणि पांढरा

रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच शूट करा. प्रत्येक रंगाच्या पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड धरा आणि व्हाइट बॅलन्स त्यावरूनच घ्या. गडद लाल किंवा राणी चादरीवर एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) निर्धास्त दिसतो, पण लाल चॅनेल तेवढ्यात फुटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला असतो. मग लाल रंगाचा सपाट डाग उरतो आणि वीण नाहीशी होते. तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघा आणि लालसाठी एक्सपोजर अर्धा स्टॉप उतरवा.

कॅटलॉगमध्ये टॉवेलही असतील, तर पांढऱ्या टॉवेलचं उलट. कॅमेऱ्याचा मीटर त्याला राखाडी करतो, म्हणून दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांचे फोटो ज्यांचे मळकट आले असतील, त्यांना हा हिशेब लगेच कळेल. टॉवेल पांढरा दिसावा म्हणून त्यात ब्राइटनर घातलेला असेल, तर फ्लॅशमधल्या अतिनील किरणांनी तो निळसर दिसतो. तेव्हा फ्लॅशवर यूव्ही फिल्टर लावा.

टेरी टॉवेलची घडी करताना दुमडलेली गोल कड पुढे ठेवा, कापलेली कड मागे. हाताने लूप एकाच दिशेला फिरवा. उजेड मागून-बाजूने द्या. खाली चकचकीत पांढरं काही नको; घासलेली शहाबादी फरशी उत्तम, तिचा करडेपणा कुठल्याच रंगाशी भांडत नाही. आणि टॉवेलचं शूट दिवसाच्या शेवटी घ्या. त्याचा लिंट, म्हणजे बारीक तंतू हवेत तरंगतो, आणि त्याच जागेत दुसरं कुणी दागिने शूट करणार असेल तर रिटचिंगला तास जातात.

मांडणीची नक्षी चादरीतूनच

कॅटलॉगच्या सजावटीसाठी नेटवरून वेली-पानं उतरवण्यात अर्थ नाही. जकार्डचं डिझाइन चौकटीच्या कागदावर भरतात, त्यामुळे मोराची मान गोल नसते, पायऱ्यांची असते. तीच पायरी पानाच्या रेघांत आणि आकड्यांच्या चौकटींत वापरा. काठाच्या नक्षीचा एक पूर्ण रिपीट (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) शोधा, तो चौकटीवर ट्रेस करा आणि त्याची रुंदी हेच पानाच्या जाळीचं एकक धरा. समोरासमोरच्या पानांवर पुढची आणि मागची बाजू एकाच मापात ठेवली की रंगांची अदलाबदल आपोआप बोलते. वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही.

मजकूर मराठी, तेलुगू आणि कन्नड असा तिहेरी असेल तर तेलुगू-कन्नडमधली जोडाक्षरं ओळीखाली उतरतात, म्हणून त्यांना ओळींमधलं अंतर जास्त द्या. मराठीसाठी फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत का पाहा. प्रेसला फाइल देताना अक्षरांची आउटलाइन करा, म्हणजे अक्षरं आकारांत बदला, नाही तर ‘ऱ्या’ हमखास मोडतो. जीआय (भौगोलिक मानांकन) चिन्ह नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच लावता येतं. गिऱ्हाइकाकडे नोंदणी असेल तरच ते पानावर घ्या.

छपाई

ए-४ साठी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून २१६ बाय ३०३ मिमी, ३०० डीपीआयला २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, राणी आणि भडक मोरपंखी तेवढे उजळ उतरत नाहीत. ते आधीच गिऱ्हाइकाला सांगा आणि मॉनिटरवर सॉफ्ट प्रूफ (छापील रंगांचा स्क्रीनवरचा अंदाज) लावून दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या प्रती एसआरजीबीमध्ये (स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) काढा आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवल्यास त्या दाबल्या जातात. छापील प्रूफ त्याच कागदावर मागवा आणि सकाळी दहाच्या सुमारास सावलीत नेऊन चादरीच्या तुकड्याशेजारी ठेवून पाहा. ट्यूबलाइटखाली प्रूफवर सही करू नका.