पाकीट बदलताय? या चुका टाळा

बेळगावात लेबलं आणि पाकिटं छापून देतो. मसाला, कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई), गूळ, लोणचं, सगळं येतं माझ्याकडे. माल बहुतेकांचा चांगलाच असतो, घोळ होतो तो पाकिटात. दरवर्षी तोच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे खपत्या मालाचं रूप एका झटक्यात बदलणं. खानापूरकडचे एक मसालेवाले आहेत. पिवळं पाकीट, हिरवी किनार, मधे जाड अक्षरात नाव. बायका दुकानात नाव घ्यायच्याच नाहीत, "ते पिवळं द्या" म्हणायच्या. मुलगा बेंगळूरहून शिकून आला. "काका, आपलं लईच गावठी दिसतंय ओ. काळं मॅट करूया, वर सोनेरी बारीक अक्षरं." मी एकदा नको म्हटलं, मग ऑर्डर मोठी बघून गप्प बसलो. ते माझं चुकलंच.

दोन महिन्यांत खोकी परत यायला लागली. नंदगडच्या एका दुकानात जाऊन बघितलं तर मागच्या फळीवर एका बल्बच्या उजेडात आमचं काळं पाकीट गडप. दुकानदार म्हणाला, "पिवळं बंद केलं व्हय? बायका विचारतात आणि शेजारचं घेऊन जातात." मसाला तोच होता, हात तोच होता. गिऱ्हाईक पाकीट वाचत नाही ओ, लांबून ओळखतं.

मोठ्यांचंही हेच होतं. २००९ साली अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या ब्रँडने खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून रसाचा ग्लास छापला. दोन महिन्यांच्या आत खप साधारण २० टक्क्यांनी पडला आणि जुना खोका परत आणावा लागला. त्यांना ते झेपलं, आपल्याला झेपत नाही.

माझी सवय सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अक्षर बदललं तर रंगाला हात नाही. नमुना ओळखीच्या किराणा दुकानात, स्पर्धकांच्या पाकिटांमधे ठेवायचा आणि उंबऱ्यावरून बघायचं. दिसला तर छापायचा.

मोबाईलवर रंग पास करू नका. पडदा उजेडाने रंग दाखवतो, पाकिटावर शाई असते. कागदावरचा नमुना मागा.

तिखटाच्या पाकिटाला मोठी पारदर्शक खिडकी नको. पहिल्या दिवशी लालभडक दिसतं, पण दुकानाच्या काचेशी उन्हात राहिलं की विटकरी होतं, आणि गिऱ्हाईक त्याला जुना माल समजतं.

संकेश्वरी तिखटावर सुरकुतलेल्या ब्याडगी मिरचीचं चित्र टाकू नका. ब्याडगी रंगाला गडद, तिखटाला कमी; संकेश्वरी तिच्यापेक्षा तिखट. चित्र बघून दोन चमचे घालणारी बाई तुम्हाला पुन्हा विचारणार नाही.

कुंद्याचा डबा दागिन्याच्या डबीसारखा केलात तर लोक भाव न विचारताच पुढे जातात.

नाव मराठी आणि कन्नड दोन्हीत टाका. निपाणीत एक चालतं, बैलहोंगलात दुसरं. कन्नड मात्र कन्नडवाल्याकडून तपासून घ्या, मोबाईलच्या भाषांतरावर नको. आणि कायद्याने लागणारी माहिती नुसत्या मराठीत चालत नाही, इंग्रजी किंवा हिंदीत पाहिजेच.

राहिली घाई. दिवाळीला आठ दिवस असताना "नवीन डिझाइन, उद्या पाहिजे" म्हणत येणाऱ्यांना मी आता चहा पाजतो आणि जुनंच पाकीट छापून देतो.