विस्मरणात गेलेल्या फुटबॉलपटूचे स्मारक लोकवर्गणीतून कसे उभारावे

पुण्यात फुटबॉलचा विषय निघाला की बालेवाडीचे मैदान, २०१२-१३ च्या आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत पुणे एफसीने मिळवलेला दुसरा क्रमांक आणि २०१४ ते २०१९ या काळातील एफसी पुणे सिटी एवढ्यावर बोलणे संपते. हे दोन्ही संघ आता नाहीत, हा भाग वेगळा. त्यापूर्वीची अनेक दशके हा खेळ कॅम्प, घोरपडी आणि खडकी भागांतील मैदानांवर खेळला गेला. तेथे आधी खेळाडू म्हणून आणि गुडघे गेल्यावर प्रशिक्षक म्हणून उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या माणसांची नावे आज त्यांच्या हयात शिष्यांखेरीज फारशी कोणाला ठाऊक नसतात. अशा एखाद्या ‘कोचसरां’ची आठवण टिकावी यासाठी चाहत्यांनी निधी उभारायचा ठरवला, तर काम कोणत्या क्रमाने करावे हे येथे सांगितले आहे. क्रमावर भर देण्याचे कारण असे, की उत्साही मंडळी पहिल्याच दिवशी पैसे गोळा करू लागतात आणि त्या पैशांचे काय करायचे यावरून सहा महिन्यांनी एकमेकांशी बोलेनाशी होतात.

आधी माणूस, मग स्मारक

पहिले दोन-तीन महिने केवळ माहिती जमवण्यात जाऊ द्यावेत. सुरुवात त्यांच्याबरोबर खेळलेल्या ज्येष्ठांपासून करावी, कारण ग्रंथालय उद्याही उघडे असेल. भेटीला जाताना जुने संघछायाचित्र बरोबर न्यावे. छायाचित्रातील चेहऱ्यांवर बोट ठेवत माणूस जेवढे आठवतो, तेवढे नुसत्या प्रश्नांनी आठवत नाही. बोलणे त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करावे आणि त्याच दिवशी तारखेसह उतरवून काढावे.

त्यानंतर ‘केसरी’, ‘सकाळ’ यांसारख्या वृत्तपत्रांचे जुने अंक पाहावेत. विश्रामबागवाड्यातील शासकीय ग्रंथालय आणि १८४८ पासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर येथे चौकशी करावी. जुनी वृत्ते वाचताना दोन गोष्टींनी फसगत होते. राज्याचा संघ ‘बॉम्बे’ या नावाने येतो, त्यामुळे ‘महाराष्ट्र’ शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आणि खेळाडूचे केवळ आडनाव छापलेले असते, त्यामुळे एका डिसूझांचे गोल दुसऱ्या डिसूझांच्या नावावर सहज जमा होतात. त्या काळातील अनेक खेळाडू रेल्वे, पोलीस, लष्कर किंवा खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी नोकरीला असून त्या-त्या खात्याच्या संघातून खेळत. म्हणून घरच्यांकडे निवृत्तिवेतनाची कागदपत्रे असतील तर त्यांवरून नोकरीची, आणि पर्यायाने खेळण्याची, वर्षे निश्चित करता येतात.

दोन स्वतंत्र ठिकाणी जुळलेली गोष्टच खरी धरावी. राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी निवड होणे आणि भारताकडून सामना खेळणे यांतील अंतर मैत्रीच्या आठवणींत हमखास मिटते. एकदा दगडावर ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’ असे कोरले आणि पुढे ते चुकीचे ठरले, तर त्या माणसाच्या खऱ्या कामगिरीवरही लोक संशय घेऊ लागतात.

कुटुंबीयांची लेखी संमती याच टप्प्यावर घ्यावी. त्या भेटीत एक नाजूक प्रश्नही विचारावा लागतो: घरची परिस्थिती कशी आहे? कोचसरांच्या पत्नी औषधांच्या खर्चाने गांजलेल्या असताना त्यांच्या पतीच्या नावाने ग्रॅनाइट बसवणे मला तरी शोभत नाही असे वाटते. तसे असेल तर निधीचा हेतूच बदलावा आणि तो उघडपणे सांगावा.

स्मारक कशाचे?

इंग्लंडमध्ये चाहते अशा वेळी बहुधा थडग्यावरील शिळेसाठी पैसे जमवतात. आर्थर व्हार्टन हे कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी अगदी आरंभीचे खेळाडू. १९३० मध्ये ते वारले आणि यॉर्कशरमधील एडलिंग्टन येथे त्यांचे दफन झाले. तेथे नावाचा दगड बसायला १९९७ साल उजाडले, तेही एका मोहिमेनंतर. प्लिमथ अर्गाइल या क्लबच्या जॅक लेस्ली यांची १९२५ मध्ये इंग्लंडच्या संघात झालेली निवड त्यांच्या वर्णामुळे मागे घेतली गेली. त्यांच्या पुतळ्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या मोहिमेने एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लबच्या मैदानाबाहेर पुतळा उभा राहिला.

आपल्याकडे हे जसेच्या तसे उचलता येत नाही. दहन झालेल्या माणसाला थडगेच नसते. ख्रिस्ती खेळाडूची कबर सेंट सेपल्करसारख्या दफनभूमीत सापडू शकते, पण ती कुटुंबाची असते आणि दगडासाठी कुटुंबाबरोबरच दफनभूमीच्या व्यवस्थापनाचीही परवानगी लागते. मुस्लिम खेळाडूच्या कबरीवर बांधकाम करावे की नाही, हे कुटुंब आणि जमातीतील ज्येष्ठ यांच्यावर सोडावे. पुतळ्याचा मोह टाळावा. सार्वजनिक रस्ते, पदपथ व तत्सम सार्वजनिक जागांवर पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे. शिवाय चेहरा न जुळलेला पुतळा ही आयुष्यभराची डोकेदुखी असते.

उरतात ते मैदानावरील फलक, बसण्याचा बाक, मैदानाला किंवा प्रेक्षक-सज्जाला नाव, स्मृती चषक आणि एखाद्या होतकरू मुलाच्या बुटांचा व प्रवासाचा खर्च उचलणारी शिष्यवृत्ती. नाव देण्याचे चांगले उदाहरण मुंबईत आहे: १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ४-२ अशा विजयात तीन गोल करणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांचे नाव वांद्र्यातील फुटबॉल मैदानाला आहे, त्यामुळे तेथे रोज खेळायला येणाऱ्या मुलांच्या तोंडी ते आपोआप राहते. चषकाचे मात्र जपून. मंडप, पंच, चेंडू, पाणी, बक्षिसे हा खर्च दर वर्षी नव्याने उभा राहतो आणि पहिल्या वर्षीचे देणगीदार तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत. छोटा फलक आणि छोटी शिष्यवृत्ती ही जोडी मला सर्वांत टिकाऊ वाटते.

जागा आणि परवानगी

मैदान कोणाचे आहे हे आधी कागदावर पाहावे. कॅम्पातील जागा कॅन्टोन्मेंट बोर्डाची किंवा संरक्षण खात्याची असू शकते, खडकीसाठी वेगळे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, बालेवाडीचे संकुल राज्य शासनाच्या क्रीडा विभागाकडे आहे, आणि शाळेच्या मैदानाबाबत विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो. महापालिकेच्या मालमत्तेला नाव द्यायचे असेल तर प्रस्ताव नाव समितीपुढे जातो आणि त्याला वेळ लागतो. लेखी परवानगी हाती आल्यावरच कारागिराकडून दरपत्रके घ्यावीत, किमान तीन.

पैसे कायद्याने गोळा करणे

गणेशोत्सवाची वर्गणी मागितलेल्या कोणालाही हा भाग परका वाटू नये. नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय हेतूसाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. मंडळे दर वर्षी घेतात ती हीच. परवानगी ठरावीक मुदतीची असते आणि नंतर हिशेब सादर करावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे आधीच नोंदणी झालेल्या एखाद्या क्रीडा संस्थेला विनंती करून तिच्या नावाने, पण स्वतंत्र खात्यात, निधी स्वीकारणे. एकाच स्मारकासाठी सात जणांनी नवी संस्था नोंदवणे म्हणजे पुढची कित्येक वर्षे वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण मागे लावून घेणे होय.

कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा कोणाच्याही वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर एक रुपयाही घेऊ नये. माणूस कितीही विश्वासू असो. त्याच्या खात्यात त्याचा पगार, गृहकर्जाचा हप्ता आणि स्मारकाचे पैसे एकत्र झाले, की तो निर्दोष असूनही हिशेब देऊ शकत नाही. खाते दोन सह्यांचे असावे आणि प्रत्येक रकमेला क्रमांकित पावती द्यावी. करसवलत, जिला आपण ८० जी म्हणतो, ती मान्यता असलेल्या संस्थेलाच देता येते आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही. मान्यता नसेल तर तसे आवाहनातच लिहावे.

परदेशातील माजी विद्यार्थी हमखास मदत करू पाहतात. भारतीय पारपत्र असलेल्याने तेथून आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेले पैसे चालतात. मात्र ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी विदेशी योगदान ठरते आणि २०१० च्या विदेशी योगदान नियमन कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. जुना मित्र रागावला तरी चालेल, अशी रक्कम नम्रपणे परत करावी.

मागायचे किती आणि कसे

लक्ष्य ठरवताना दरपत्रकातील खर्चावर देखभालीची रक्कम धरावी. दोनशे जणांनी पाचशे रुपये दिले तर एक लाख होतात. हा एक लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवला तर वर्षाला साडेसहा हजार मिळतात, आणि त्यात फलकाची निगा व एका मुलाचे बूट सहज भागतात. एका बिल्डरचा मोठा धनादेश घेण्यापेक्षा दोनशे छोट्या पावत्या मला अधिक मोलाच्या वाटतात, कारण मोठा देणगीदार फलकावर कोचसरांच्या नावाइतकेच आपले नाव मागतो.

आवाहन एका पानाचे असावे: ते कोण होते, काय उभारायचे आहे, किती लागणार, किती जमले आणि कमी वा जास्त जमले तर काय करणार. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. लीगच्या सामन्यांच्या दिवशी मैदानाच्या दाराशी टेबल टाकावे, जुन्या शिष्यांच्या प्रदर्शनी सामन्याला माफक प्रवेशमूल्य ठेवावे, आणि जमाखर्च दर पंधरवड्याला सर्व देणगीदारांना पाठवावा.

फलक आणि अनावरण

मजकूर चार ओळींचा पुरे: नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, कोणत्या संघांकडून खेळले, कोठे आणि किती वर्षे शिकवले. कोरण्यापूर्वी तो कुटुंबातील एका व्यक्तीने आणि शुद्धलेखन जाणणाऱ्या एका त्रयस्थाने वाचून सही करावी. दगडावरील ऱ्हस्व-दीर्घ नंतर दुरुस्त होत नाही. अनावरण पावसाळा टाळून, सकाळी सामन्याआधी ठेवावे. पडदा सर्वांत वयोवृद्ध सहखेळाडूच्या हस्ते सरकवावा, आणि त्यांना घरून आणण्या-नेण्याची गाडी व व्यासपीठाऐवजी मैदानालगत सावलीतली खुर्ची यांची व्यवस्था आदल्या दिवशीच करून ठेवावी. जमवलेल्या माहितीची वही, ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रांच्या प्रती त्याच आठवड्यात एका ग्रंथालयाला व जिल्हा फुटबॉल संघटनेला देऊन पोचपावती घ्यावी, आणि मुलांचा सामना ठरल्या वेळी सुरू होऊ द्यावा.