गाईड विकत घेण्यापूर्वी: जावाच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीची यादी

अंबाजोगाईचा माझा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने विचारले, "मामा, परीक्षेसाठी गाईड कोणतं घेऊ?" मी विचारले, "परीक्षा कोणती?" त्यावर तो म्हणाला, "जावाची." म्हणजे जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेची. हे टिपण त्या एका शब्दाच्या उत्तरामुळे लिहावे लागले, कारण जावाची परीक्षा एक नाही आणि ज्याला आपली परीक्षा नेमकी सांगता येत नाही त्याने गाईडच्या दुकानाची पायरी चढण्यात अर्थ नाही.

म्हणून यादीतील पहिली गोष्ट परीक्षेचा कोड ही आहे. जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीची जावा १७ ची, म्हणजे भाषेच्या सतराव्या आवृत्तीची, परीक्षा १झेड०-८२९ या कोडची आहे आणि जावा २१ ची १झेड०-८३० या कोडची. दोन्हींत पन्नास प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६८ टक्के लागतात; मात्र पहिलीला ९० मिनिटे मिळतात, तर दुसरीला १२०. म्हणजे एका ठिकाणी एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद आणि दुसऱ्या ठिकाणी १४४ सेकंद, आणि एवढ्या फरकाने सरावाची पद्धत बदलते. विषयही तंतोतंत तेच नाहीत. ८२९ मध्ये जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलण्याची पद्धत) आहे, ८३० च्या अधिकृत विषयसूचीतून ते वगळले आहे, त्यामुळे चुकीचे गाईड घेतलेला विद्यार्थी एक अख्खे प्रकरण विनाकारण पाठ करतो आणि जे लागणार ते त्याच्या पुस्तकात नसते. अधिकृत संकेतस्थळावरील विषयसूची छापून घ्यावी, तिच्यावर छापल्याची तारीख लिहावी आणि गाईड निवडताना हा कागद हातात असावा. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत "जावा" आणि बारीक अक्षरांत कोड असतो. आपण बारीक अक्षरेच वाचायची.

हे सांगण्याचा अधिकार मला माझ्याच हलगर्जीपणाने मिळाला आहे. जावा ११ साठी आधी ८१५ आणि ८१६ अशा दोन परीक्षा द्याव्या लागत. मी ८१५ चे जाडजूड पुस्तक मागवले, सहा-सात प्रकरणे नेटाने वाचली, समासात पेन्सिलीने खुणा केल्या आणि अधिकृत पान पुन्हा उघडून पाहण्याचे कष्ट मात्र घेतले नाहीत. २०२० मध्ये त्या दोन परीक्षा बंद होऊन त्यांच्या जागी ८१९ ही एकच परीक्षा आली, हे मला नोंदणी करायला बसलो तेव्हा कळले. पुस्तक वाईट नव्हते आणि दोषही कुणाचा नव्हता. ज्या परीक्षेसाठी ते लिहिले होते ती परीक्षाच उरली नव्हती. तेव्हापासून गाईड घेण्याच्या दिवशी आणि शुल्क भरण्याच्या दिवशी, असे दोनदा ते पान पाहण्याचा मी नियम केला आहे.

कोड जुळला की पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची उघडावी. प्रस्तावना कुणीही चांगली लिहितो, शब्दसूचीत मात्र लपवाछपवी चालत नाही. जावाच्या नव्या आवृत्त्या २०१८ पासून दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, येतात आणि त्यांपैकी ८, ११, १७, २१ व सप्टेंबर २०२५ मधली २५ या दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या आहेत. भाषेच्या नव्या सोयींपैकी टेक्स्ट ब्लॉक पंधराव्या आवृत्तीत कायम झाले, रेकॉर्ड सोळाव्या आणि सील्ड क्लास सतराव्या आवृत्तीत. म्हणून हे तीन शब्द शब्दसूचीत नसतील तर ते पुस्तक जावा १७ चे नव्हे, मुखपृष्ठ काहीही म्हणो. जावा २१ साठी व्हर्च्युअल थ्रेड, रेकॉर्ड पॅटर्न आणि सिक्वेन्स्ड कलेक्शन हे शब्द शोधावेत. उलट बाजूचीही एक खूण आहे. स्ट्रिंग टेम्प्लेट हे वैशिष्ट्य २१ मध्ये केवळ प्रायोगिक स्वरूपात होते आणि पुढे तेविसाव्या आवृत्तीतून ते काढूनही टाकले गेले. एखादे गाईड त्यावर भरभरून पाने खर्च करत असेल तर लेखकाने परीक्षेची विषयसूची समोर ठेवून लिहिलेले नाही, असे समजायला हरकत नाही.

यानंतरची कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत ती घेता येते. कोणत्याही प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न काढावेत, प्रश्न न वाचता थेट उत्तरांच्या पानावर जावे आणि चुकीच्या पर्यायांविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. इंटिजर प्रकारच्या (पूर्णांक ऑब्जेक्टच्या रूपात ठेवणाऱ्या) दोन व्हेरिएबलमध्ये १२७ ठेवून डबल इक्वल (==) चिन्हाने तुलना केली तर ट्रू छापले जाते आणि १२८ ठेवली तर फॉल्स, हा जुना आणि लाडका प्रश्न घ्या. कच्च्या गाईडमध्ये त्यापुढे "उत्तर: ब" एवढेच असते. जरा बऱ्या गाईडमध्ये "इंटिजरची तुलना इक्वल्सने करावी" असा उपदेश असतो. चांगले गाईड सांगते की साध्या इंटपासून इंटिजर होताना मूल्य व्हॅल्यूऑफ या मेथडमधून जाते, ती मेथड उणे १२८ ते १२७ या मर्यादेतील ऑब्जेक्ट आधीच तयार करून पुन्हापुन्हा तेच देते, डबल इक्वल चिन्ह मूल्य न पाहता ऑब्जेक्ट एकच आहे का हे पाहते, म्हणून १२७ ला दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट आणि १२८ ला दोन वेगळे. शिवाय न्यू वापरून इंटिजर बनवला असता तर १२७ लाही फॉल्स आले असते, हेही ते जाता जाता नोंदवते, कारण परीक्षेत पुढचा प्रश्न नेमका तोच असू शकतो. चार पर्यायांपैकी तीन का चुकले हे ज्याला समजले, त्याला एका प्रश्नातून चार प्रश्नांचा अभ्यास मिळतो.

याच पानांवर प्रश्नांची चलाखी खरी आहे का तेही पाहावे. स्विच एक्सप्रेशनचे मूल्य व्हेरिएबलमध्ये ठेवताना शेवटच्या महिरपी कंसानंतर सेमीकोलन लागतो, तो नसेल तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात त्याचे भाषांतरच होत नाही, आणि "आउटपुट काय?" या प्रश्नाचे उत्तर "कंपाइल होणार नाही" असे असते. रेकॉर्डच्या कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये धिस लावून फील्डला मूल्य दिले तरी तेच होते. असे बारकावे ज्या प्रश्नसंचात नाहीत आणि जो नुसत्या व्याख्या विचारतो, तो महाविद्यालयाच्या तोंडी परीक्षेला पुरेल, या परीक्षेला नाही.

पुस्तक कुठून घ्यावे याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यातील दुकानांत आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांत संगणकाची गाईडे मिळतात, मात्र जुन्यांत एससीजेपी (सन सर्टिफाइड जावा प्रोग्रामर, हे जावाच्या परीक्षेचे जुने नाव) असे छापलेली पुस्तकेही हाती लागतात. सन मायक्रोसिस्टिम्स ही जावाची मूळ कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली आणि ते नाव कधीच मागे पडले, तेव्हा असे पुस्तक रद्दीच्या भावात मिळाले तरी महागच. वापरलेले पुस्तक घेताना सोबतच्या ऑनलाइन चाचण्यांचा कोड आधीच्या मालकाने वापरून टाकलेला आहे का, हे विचारावे. छापील की पीडीएफ, या प्रश्नावर माझे मत छापीलच्या बाजूचे आहे आणि त्याचे कारण अगदी स्थानिक आहे: एप्रिल-मेमध्ये दुपारची वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी कोड चालवून पाहण्यासाठी राखून ठेवावी लागते, वाचनासाठी ती खर्च करणे परवडत नाही. प्रकाशकाच्या संकेतस्थळावरचे शुद्धिपत्र मात्र उतरवून घ्यावे आणि चुका पहिल्याच दिवशी पुस्तकात पेन्सिलीने दुरुस्त कराव्यात. हजार पानांच्या पुस्तकात चुका असतातच, आणि शुद्धिपत्र प्रसिद्ध करणाऱ्या प्रकाशकावर माझा विश्वास अधिक बसतो.

गाईडबरोबर त्याच आवृत्तीचा जेडीके (जावाचे प्रोग्राम लिहून चालवण्यासाठी लागणारा संच) स्वतःच्या संगणकावर बसवलेला असला पाहिजे. भाच्याच्या प्रयोगशाळेत जावा ८ होता आणि गाईडमधला टेक्स्ट ब्लॉक तिथे कंपाइल होईना, तेव्हा त्याला वाटले की पुस्तकच चुकले. आधी टर्मिनलवर आवृत्ती विचारून घ्यावी, मग लेखकाला दोष द्यावा. आणि उदाहरणे टाइप करताना रंगीत सूचना देणारा एडिटर शक्यतो बंद ठेवावा, कारण परीक्षेत सेमीकोलन विसरल्याची लाल रेघ कुणी दाखवत नाही.

सराव चाचण्यांची संख्या पाहून गाईड निवडू नये, त्या कशा वापरता येतील हे पाहावे. आपल्याकडे लातूर पॅटर्नचे नाव निघाले की लोकांना पाठांतर आठवते, पण त्या पद्धतीतील खरा कस पेपर सोडवल्यानंतर चुका शोधण्यात होता, आणि तेवढा भाग या परीक्षेला जशाचा तसा लागू पडतो. सुरुवातीलाच एक चाचणी अभ्यासाविना द्यावी, निकालाचे वाईट वाटून घेऊ नये, आणि कोणत्या प्रकरणात किती चुकले यावरून वाचनाचा क्रम लावावा. एक पूर्ण चाचणी मात्र शेवटच्या आठवड्यासाठी न उघडता ठेवावी. ज्या गाईडमध्ये दोनच चाचण्या आहेत आणि त्यांचे प्रश्न प्रकरणांच्या शेवटच्याच प्रश्नांची फिरवाफिरव आहेत, त्याच्यासोबत वेगळा प्रश्नसंच घेण्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

आता डम्पविषयी, म्हणजे परीक्षेतून चोरलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या संचाविषयी. व्हॉट्सॲपवर फिरणारी "खरे प्रश्न, शंभर टक्के पास" अशी पीडीएफ झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करून मिळते आणि ती गाईडपेक्षा स्वस्त पडते, हे मला ठाऊक आहे. ती वापरणे परीक्षेच्या अटींचा भंग आहे आणि पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की अशा एका संचातले वीस प्रश्न मी एका रविवारी चालवून पाहिले, तर त्यांतल्या तिघांची उत्तरे चुकीची होती आणि एकाचा कोड कंपाइलच होत नव्हता. पैसे वाचवायचे असतील तर तिघा मित्रांनी मिळून एक चांगले गाईड घ्यावे.

परीक्षा जावाची नसून दुसरी असेल तर यादीचा क्रम थोडा बदलतो. सॉफ्टवेअर चाचणीच्या आयएसटीक्यूबी पायाभूत परीक्षेत चाळीस प्रश्न, साठ मिनिटे आणि उत्तीर्णतेसाठी सव्वीस गुण असतात. तिचा २०२३ मधला ४.० आवृत्तीचा अभ्यासक्रम आणि उत्तरांसह नमुना प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, त्यामुळे तिथे अभ्यासक्रम हाच मुख्य ग्रंथ मानून गाईड केवळ आधाराला घ्यावे. ॲमेझॉनच्या क्लाउडवरील डेव्हलपर असोसिएट परीक्षेत ६५ प्रश्नांना १३० मिनिटे असतात आणि एक हजारपैकी ७२० गुण लागतात. त्या ६५ मधील पंधरा प्रश्नांचे गुण धरले जात नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. तिथल्या सेवा इतक्या वेगाने बदलतात की छापील गाईड लवकर शिळे होते. या दोन्ही परीक्षांमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना जादा वेळ मिळतो, पहिलीत पंचवीस टक्के म्हणजे पंधरा मिनिटे आणि दुसरीत तीस मिनिटे, आणि ॲमेझॉनच्या परीक्षेत तो तारीख घेण्यापूर्वी मागावा लागतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी हा हक्क संकोचाने सोडू नये. गाईडची भाषाही याच कारणासाठी तपासावी: एका पानावर दहापेक्षा अधिक शब्द अडत असतील तर त्या लेखकाऐवजी सोप्या वाक्यांचा लेखक निवडावा, कारण अभ्यास जावाचा करायचा आहे, इंग्रजीचा नव्हे.

गाईडची पाने आणि आपले दिवस यांचा हिशेबही खरेदीपूर्वीच करावा. हजार पानांना रोज पंधरा पाने या गतीने सदुसष्ट दिवस लागतात, त्यात उजळणीचे दोन आठवडे मिळवावेत आणि ज्यांच्या घरी सोयाबीनच्या काढणीला हात लावावा लागतो त्यांनी ते दिवस प्रामाणिकपणे वजा करावेत. दोन तृतीयांश पुस्तक वाचून झाल्याशिवाय परीक्षेची तारीख घेऊ नये. शुल्क भरून धाक निर्माण करण्याची युक्ती काहींना लागू पडते. मला ती कधीच लागू पडली नाही.

भाच्याला मी शनिवारी औरंगपुऱ्यात नेले. त्याने पहिले पुस्तक उचलले, थेट शेवटी गेला, व्हर्च्युअल थ्रेड शोधला, तो सापडला नाही आणि न बोलता ते जागेवर ठेवून दिले. दुसरे घेतले, त्याच्या कोऱ्या पानावर ८३० हा आकडा आणि अधिकृत पान पाहिल्याची तारीख लिहिली. घरी परतल्यावर त्याची नजर माझ्या कपाटातील ८१५ च्या पुस्तकावर गेली आणि लॅम्ब्डा (जावातील नाव नसलेली छोटी फंक्शने) तर तशाच आहेत ना, असे म्हणून त्याने तेही मागितले. लॅम्ब्डा खरोखरच तशाच आहेत. तरीही ते पुस्तक मी त्याला दिले नाही.